घाटातले सहा दगड

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि माझ्या विषयाच्या नावाला शेपूट लागलं. आधी नुसतं ‘न्यूमेरिकल मेथड्स’ होतं, आता ‘न्यूमेरिकल मेथड्स, प्रोग्रॅमिंगसह’ झालं. चोवीस वर्षं मी हा विषय खडू आणि फळ्यावर शिकवत आले होते. ज्या गणितांची उत्तरं सरळ सूत्रात बसत नाहीत, त्यांच्या उत्तराजवळ पायरीपायरीनं कसं सरकत जायचं, एवढंच खरं तर त्या विषयात आहे. त्या पायऱ्या मला तोंडपाठ होत्या. प्रोग्रॅमिंगमधलं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं.

विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं की मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून पायथन नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून घ्यायचे, आणि ते मीच शिकवायचं, कारण गणित मला येतं. मी म्हटलं, गणित येतं, पण कॉम्प्युटरवर मी आजवर फक्त प्रश्नपत्रिका टाइप केल्यात, त्याही एका बोटानं. ते म्हणाले, सुट्टी आहे की अख्खा महिना. आणि फाइल बंद केली.

मला वाचवलं ते लॅबच्या ताईंनी. त्या आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या सहायक. वयानं माझ्याच बरोबरीच्या, मंगळवार पेठेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, आणि बोलायला अशा की समोरच्यानं आधी जरा लांब उभं राहावं. डिप्लोमा करून त्या लॅबमध्ये लागल्या होत्या आणि पुढचं सगळं मशीन उघडून, बंद करून, बिघडवून शिकल्या होत्या. मी त्यांना विचारलं, मला शिकवाल का? त्या म्हणाल्या, “शिकवते की. पण मला चुकलं तर चुकलं म्हणायची सवय हाय. मॅडम म्हणून सोडणार न्हाय.”

सोडलं नाहीच. सबंध मे महिना आम्ही दोघी त्या रिकाम्या, गार लॅबमध्ये शेजारी शेजारी बसायचो. पहिल्या दिवशी मी चार ओळी लिहिल्या आणि मशीननं लाल अक्षरात मला काहीतरी सुनावलं. मी ओळी तीन वेळा वाचल्या, गणित बरोबर होतं. ताईंनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या की ओळीच्या शेवटी दोन टिंबं राहिलीत. दोन टिंबांसाठी एवढा राग? मी पीएचडी केलेली बाई, आणि हे यंत्र मला दोन टिंबांसाठी वर्गाबाहेर उभं करत होतं. चौथ्या दिवसापर्यंत मी टिंबं विसरेनाशी झाले आणि ओळीच्या आधीची मोकळी जागा विसरायला लागले.

दुसऱ्या आठवड्यात माझा पहिला प्रोग्रॅम चालला. पन्नासचं वर्गमूळ काढायचं होतं. ते सात आणि आठच्या मध्ये कुठंतरी असणार, म्हणून मधोमध तोडायचं, उत्तर कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, तो अर्धा परत तोडायचा. हे मी फळ्यावर शेकडो वेळा केलं होतं. चौथ्या-पाचव्या तुकड्याला हात दुखायचा आणि ‘याप्रमाणे पुढे’ असं लिहून मी खडू ठेवायचे. त्या दिवशी मी बटण दाबलं आणि पडद्यावर साडेसात, सव्वासात, त्याच्या खाली त्याहून बारीक, त्याच्या खाली त्याहून बारीक असे आकडे धडाधड उतरत गेले आणि सात पॉइंट शून्य सात एकवर येऊन शांत बसले. चोवीस वर्षं मी ज्याला ‘याप्रमाणे पुढे’ म्हणत होते, ते पुढे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मी खुर्चीवरून उठले आणि ताईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, “अवं, वर्गमूळच हाय की. फोनवर बी निघतंय.” पण मग त्यांनीच ड्रॉवरमधून भडंगाचा पुडा काढला, आणि ‘लॅबमध्ये खाण्यास मनाई आहे’ या स्वतःच चिकटवलेल्या पाटीखाली बसून आम्ही तो संपवला.

जूनमध्ये मुलं आली. चाळीस जणांची तुकडी, वीस मशीन, एका मशीनवर दोघं. पहिल्याच तासाला मी त्यांना तो तुकडे पाडायचा प्रोग्रॅम लिहायला लावला आणि थांबायचं कधी हे सांगायची ओळ द्यायला विसरले. वीसच्या वीस पडद्यांवर आकडे धो धो वाहायला लागले. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, आमचं थांबतच न्हाय.” मग सगळीकडून तेच. पोरांना एवढा आनंद झाला की शेजारच्या लॅबमधले सर डोकावून गेले. दोघांनी पैज लावली की कुणाचं मशीन जास्त पळतंय. ताईंनी शांतपणे प्रत्येक मशीनपाशी जाऊन दोन बटणं दाबली आणि माझ्याकडे पाहून फक्त भुवई उचलली. मी वर्गाला सांगून टाकलं की मी स्वतः हे गेल्या महिन्यात शिकले आहे, तेव्हा माझ्याकडून चुका होणार. मला वाटलं होतं, पोरं डोक्यावर बसतील. उलट त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली.

ऑगस्टमध्ये आम्ही वेगावरून अंतर काढायच्या धड्याला आलो. गाडी एकाच वेगानं धावत असेल तर वेळेनं गुणलं की झालं. पण वेग सारखा बदलत असेल, तर दर काही सेकंदांनी वेग लिहून घ्यायचा, प्रत्येक तुकड्यातलं अंतर वेगळं काढायचं आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. पुस्तकात एका गाडीचा तक्ता दिला होता. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, कुठली गाडी? मी म्हटलं, कुठलीही. तो म्हणाला, मग आपली बस का न्हाय? वर्ग हसला. मी मात्र बसमध्ये घरी जाताना त्याचाच विचार करत होते. दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे जाऊन पन्हाळ्याच्या शैक्षणिक सहलीचा अर्ज दिला. ते म्हणाले, गणिताची सहल पहिल्यांदाच ऐकतोय. पण सही केली.

कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर मामा म्हणजे भरघोस मिशा आणि भरघोस आवाजाचे गृहस्थ. ओळख नसलेल्या प्रत्येकाला ते ‘पावणं’ म्हणत, आणि पन्हाळ्याचा घाट त्यांनी इतक्या वेळा चढला होता की प्रत्येक वळण त्यांना नात्यातलं वाटे. मी त्यांना विचारलं, “मामा, घाटात किलोमीटरचे दगड किती आहेत?” त्यांनी डोळे मिटून बोटं मोजली आणि सांगितलं, “सहा.” मी वहीत लिहिलं, अंतर सहा किलोमीटर. बसचा किलोमीटर मोजणारा काटा कधीचा बंद होता, त्यामुळे चोरून उत्तर बघायची सोय नव्हती. शिवाय फोनवर अंतर बघायचं नाही, असा नियम मी घातला. उत्तर सहाच्या किती जवळ येतं, ते बघायचं होतं.

शनिवारी सकाळी निघालो. मामांच्या मागे उभं राहून वेगाचा काटा वाचायला एक मुलगा, त्याच्या शेजारी घड्याळ धरून एक मुलगी, डाव्या खिडकीत दगड बघायला एक जण, आणि बाकीचे सगळे वही-पेन घेऊन. पायथ्याशी पहिला दगड आला. पावसानं त्याच्यावरची अक्षरं धुऊन गेली होती, पण दगड होता. खिडकीतला ओरडला, “दगड!” घड्याळवाली म्हणाली, “सुरू.” मग दर दहा सेकंदांनी ती ‘हं’ म्हणायची, काटा वाचणारा आकडा सांगायचा आणि बाकी सगळी बस तो पुटपुटत लिहायची. अठ्ठावीस. हं. तीस. हं. सव्वीस. एवढ्या वेळा चढलेला तो घाट, पण इतकी शांत बस त्यानं कधी पाहिली नसणार.

ही शांतता दुसऱ्या वळणापर्यंत टिकली. तिथं म्हशी आडव्या आल्या. काट्यावाला म्हणाला, “शून्य.” दहा सेकंदांनी परत, “शून्य.” तिसऱ्यांदा तो बोलायच्या आधीच अख्खी बस एका सुरात “शून्य” म्हणाली आणि मग कुणाला हसू आवरेना. म्हशींमागून चाललेल्या बाई थांबून बघायला लागल्या. मामांनी खिडकीतून त्यांना समजावलं की गणिताचा पेपर चाललाय. त्यानंतर मामांनाच परीक्षेला बसल्यासारखं व्हायला लागलं. त्यांनी मला आरशातून विचारलं, तीस ठेवू का पंचवीस, तुम्हाला कुठला आकडा सोपा जाईल? मी म्हटलं, नेहमीसारखी चालवा. पण आता त्यांना नेहमीसारखी म्हणजे कशी हेच आठवेना. सहावा दगड आला तेव्हा बारा मिनिटं झाली होती आणि आमच्याकडे त्र्याहत्तर आकडे जमले होते. बसमध्ये टाळ्या पडल्या. वर जाऊन आम्ही झुणका-भाकरी आणि दही खाल्लं, तटबंदीवर फोटो काढले. एक मुलगा दऱ्याखोऱ्यांकडे बघत म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदा त्याला गणिताच्या पेपरात भूक लागली.

सोमवारी लॅबमध्ये आकडे मशीनला दिले. पहिल्या जोडीचं उत्तर अठरा किलोमीटर आलं. मी विचारलं, अठरा म्हणजे आपण पन्हाळा मागे टाकून कुठं गेलो होतो? त्यांनी ताशी किलोमीटरचं सेकंदी मीटर करायचं सोडून दिलं होतं. दुसरी एक जोडी अर्धा किलोमीटरवरच घाटात थांबली होती, त्यांचा दहा सेकंदांचा दहा राहून गेला होता. असं करत करत सगळ्यांच्या चुका निस्तरल्या, आणि मग सगळ्यांचं उत्तर एकच यायला लागलं. पाच पॉइंट शून्य दोन. वीस मशीन, वीस वेळा पाच पॉइंट शून्य दोन.

सहा यायला हवे होते. मी ओळ न ओळ तपासली. ताईंनी तपासली. टिंबं होती, मोकळ्या जागा होत्या. मुलांच्या चेहऱ्यावरची शनिवारची मजा उतरायला लागली होती, आणि ती उतरलेली मला बघवेना. मी फळ्यापाशी गेले आणि चोवीस वर्षांच्या अनुभवी आवाजात सांगितलं की जुन्या गाड्यांचे काटे अनेकदा खऱ्याहून कमी वेग दाखवतात, तेव्हा असं करा, शेवटी उत्तराला एक पॉइंट दोननं गुणा. त्याला मी ‘सुधारणा-गुणक’ असं नावही दिलं. मुलांनी गुणलं. सहा पॉइंट शून्य दोन आलं. पोरांनी बाकं वाजवली. मलाही इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना जर्नल लिहून आणायला सांगून तास पाच मिनिटं आधी सोडला.

मुलं गेल्यावर ताई खुर्च्या सरळ करत होत्या. न बघताच त्यांनी विचारलं, “मॅडम, ते एक पॉइंट दोन कुठनं आलं?”

मी काट्याचं परत सांगितलं. त्या म्हणाल्या, काटा कमी दाखवतो हे कुणी तपासलं? मी म्हटलं, कुणी नाही, पण तसंच असणार. “म्हंजे उत्तर आधी ठरवलं, आणि मग प्रोग्रॅम वाकवला व्हय?” एवढंच म्हणून त्या पंखे बंद करायला गेल्या. मी पर्स उचलली आणि बसमध्ये येऊन बसले. त्यांच्याशी दोन दिवस जरा तुटक वागले, कारण त्यांचं खरं होतं.

बुधवारी जर्नल्स जमा झाली. एकोणचाळीस जर्नल्समध्ये सहा पॉइंट शून्य दोन होतं. काहींनी तर सुधारणा-गुणक लाल शाईनं लिहून भोवती चौकट काढली होती. चाळिसावं एका मुलीचं होतं. शिरोळकडच्या एका जैन शेतकरी घरातली ही मुलगी. पहाटेची एसटी पकडून यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, आणि अख्ख्या सत्रात तिचा आवाज मी हजेरीला सोडून ऐकला नव्हता. तिच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘माझे उत्तर ५.०२ येते. चूक शोधली, सापडली नाही. १.२ ने गुणलेले नाही, कारण तो आकडा कुठून आला ते मला कळले नाही.’

खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. मग ते पान मी पुन्हा वाचलं. एकाच आठवड्यात दोन बायकांनी मला एकच प्रश्न विचारला होता. मी तिला बोलावून घेतलं. ती आली ती ओढणीचं टोक मुठीत धरूनच. मी विचारलं, सगळ्यांनी गुणलं, तू का नाही?

ती म्हणाली, “मॅडम, सहा यावं म्हणून मी लई बघितलं. येतच न्हाय. जे आलं न्हाय ते आलं म्हणून कसं लिहू?”

मला एकदम हलकं वाटलं. का ते सांगता येत नाही, पण हसूच आलं. मी म्हटलं, चल, मशीन राहू दे बाजूला, आपण हातानं करू. रिकाम्या वर्गात जाऊन आम्ही त्र्याहत्तर आकडे फळ्यावर मांडले. मी वरून सुरुवात केली, तिनं खालून. तुकड्या-तुकड्याची बेरीज करत आम्ही मधे भेटलो. दोघींचे हात खडूनं पांढरे, तिच्या नाकावरही खडू. बेरीज झाली पाच हजार वीस मीटर. प्रोग्रॅम बरोबर होता. तो पहिल्यापासून बरोबरच होता. मग ती फळ्याकडे बघत हळूच म्हणाली की, मॅडम, सहा किलोमीटर हे आपल्याला कुणी सांगितलं?

मामांनी. आम्ही दोघी तशाच खडूच्या हातांनी बस शेडकडे निघालो. वाटेत ताई भेटल्या. त्यांना सांगितल्यावर त्यांनी लॅबला कुलूप घातलं आणि त्याही आल्या. मामा बसच्या सावलीत डबा उघडून बसले होते. तीन बायका तरातरा येताना बघून त्यांनी भाकरी खाली ठेवली.

मी विचारलं, “मामा, पन्हाळ्याचा घाट किती किलोमीटरचा?”

“पाच,” मामा म्हणाले.

“तुम्ही मला सहा सांगितलं होतं.”

“तुम्ही दगड इचारलासा, मॅडम. दगड सहाच हायत.” त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि काही समजावून सांगावं लागणार असं वाटून डब्याचं झाकण, वाटी, चमचा, लोणच्याची डबी, पाण्याची बाटली आणि स्वतःची टोपी अशा सहा वस्तू जमिनीवर ओळीनं मांडल्या. मग बोटानं मधल्या जागा मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. “पहिल्या दगडाला आपण अजून चाललोच न्हाय की. तो मोजायचा कशाला?”

मी तिथंच सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. चोवीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले होते की पट्ट्या जितक्या पाडाल त्याहून टोकं एक जास्त असतात, हे विसरलात की गणित गेलं. दरवर्षी या चुकीचे मी मार्क कापत आले होते. त्र्याहत्तर आकडे आणि बहात्तर तुकडे, हे त्याच सोमवारी मी सगळ्या वर्गाला तीनदा बजावलं होतं. आणि दगड मात्र मी भाबडेपणानं सरळ मोजले होते. आधी ती मुलगी हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते एवढ्याशा मुलीत मावेल असं वाटलं नसतं. मग ताई हसल्या, मग मी. मामांना काय झालं ते कळेना, पण तिघी हसतायत म्हणून तेही मिशा हलवत हसले आणि आम्हाला प्रत्येकीला भाकरीचा तुकडा आणि वांग्याची भाजी खायला लावली. खडूच्या हातांनी ती आम्ही खाल्ली.

शुक्रवारचा तास मला सोपा गेला नाही. मी फळ्यावर सहा दगड काढले आणि सगळं सांगितलं. सुधारणा-गुणक हा माझ्या मनानं घातलेला खोटा आकडा होता, काटा निर्दोष होता, मामा निर्दोष होते, मशीन निर्दोष होतं, असं म्हणाले. मग मागच्या बाकावरच्या त्याच मुलानं, ज्यानं बस सुचवली होती, हात वर करून विचारलं की आता मॅडमचे मार्क किती कापायचे? मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी पाच मिनिटं कुजबूज केली आणि एका मुलीनं उभं राहून निकाल वाचला, “मॅडमना सहापैकी पाच.” मग मात्र छप्पर उडायचंच बाकी राहिलं. मीही हसता हसता डोळे पुसले. त्या चाळिसाव्या जर्नलला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. बाकीच्यांना दुरुस्ती करायची मुभा दिली, पण एका अटीवर. आधीचं उत्तर खोडायचं नाही, त्याच्या खाली नवीन लिहायचं आणि मधे काय झालं ते दोन ओळींत सांगायचं. एकानं लिहिलं होतं: ‘मॅडम बोलल्या म्हणून गुणले. पुढच्या वेळी विचारीन.’ ती ओळ मी ताईंना नेऊन दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्या दिवशी चहा त्यांच्याकडून झाला.

सोमवारी ती मुलगी तास सुरू व्हायच्या आधीच माझ्या टेबलाशी आली. ओढणी मुठीत नव्हती. म्हणाली, घरी अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा म्हणजे तिचे वडील, जेमतेम सातवी शिकलेले. ते हसलेच नाहीत म्हणे. त्यांनी तिला नेऊन उसाच्या कडेचं तारेचं कुंपण दाखवलं आणि विचारलं, दहा-दहा फुटांवर डांब रोवत शंभर फूट गेलं तर किती डांब लागतील? ती म्हणाली, अकरा. तेव्हा ते म्हणाले की लग्न झालं त्या वर्षी पहिलं कुंपण घालताना त्यांनी दहाच आणले होते, आणि शेवटच्या एका डांबासाठी परत बैलगाडी जुंपून जावं लागलं होतं. तेव्हापासून एक जास्त आणायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज उरली नाही. “अप्पा म्हणाले, तुमच्या मॅडमना सांग, फुकटची एक चक्कर सगळ्यांचीच होते.”

आता दरवर्षी तो धडा आला की मी मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात ओळीनं उभं करते. दहा जण, हात लांब करून एकमेकांची बोटं धरलेले, आणि अकरावा मुलगा माणसं नव्हे तर धरलेले हात मोजत जातो. पोरं मुद्दाम गुदगुल्या करतात, ओळ मोडते, परत मोजावं लागतं. शेजारच्या लॅबमधले सर अजूनही डोकावून जातात. ताई दर वर्षी म्हणतात की एवढा आवाज करायची काही गरज नाही, आणि दर वर्षी लॅब सोडून बघायला येऊन उभ्या राहतात.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. तिसऱ्या बाकावरून पहिल्यावर आली आणि तिचा आवाज आता हजेरीपेक्षा बराच जास्त ऐकू येतो. गेल्या आठवड्यात ती माझ्या नोट्स घेऊन आली आणि त्यातल्या दोन चुका दाखवल्या. एक मी मान्य केली. दुसरी चूक नाही असं माझं म्हणणं आहे, आणि त्यावरून आमचा वाद अजून चालू आहे.